शाळेच्या भुईवरचं गाव

आमच्या गावात मारणं हे घरकामात मोडायचं. सारवणं, दळणं, पाणी भरणं, तसंच तेही. गडीमाणूस बैलाला मारी, बायकोला मारी, सासू सुनेला मारी आणि उरलासुरला मार पोरांच्या वाट्याला येई. त्याला मात्र मार म्हणत नसत, वळण म्हणत. लहानपणीचा पहिला आवाज कोणता आठवतो असं नातवंडं मला विचारतात, तेव्हा त्यांना जात्याची घरघर ऐकायची असते, कारण त्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. जातं होतंच की आमच्याकडे. पण मला आधी ऐकू येते ती निरगुडीची शिमटी. ओली, पानं ओरबाडून काढलेली, हवा कापत येणारी. पाठीवर पडण्याआधी तिचा सूंऽ असा आवाज होई आणि तेवढ्यातच पोराच्या तोंडून अर्धी किंकाळी निघून गेलेली असे. उरलेली अर्धी पडल्यावर निघायची.

केनवडच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. शाळा कापसाच्या एका जुन्या वखारीत भरायची. भिंतींच्या फटींत अजून कापसाची बोंडं अडकलेली होती. चार वर्ग, मास्तर एक, पोरं चाळीसेक आणि पोरी आम्ही चार. त्या चारांत एक मी आणि एक माझी चुलतबहीण कमल. मास्तरांना सगळे थोरले मास्तर म्हणत. पाढा चुकला तर ते स्वतः उठायचा त्रास घेत नसत. चुकलेल्यानंच नाल्यावर जायचं, आपल्यासाठी शिमटी तोडायची आणि आणून त्यांच्या हातात द्यायची. बारीक आणली तर आणखी दोन आणायला पाठवीत. किसन्या नावाच्या पोराच्या कानात बाळी होती. ती त्यांनी एकदा अशी ओढली की कानाची पाळी फाटून बाळी त्यांच्या चिमटीत आली. किसन्याच्या बापाने दुसऱ्या दिवशी मास्तरांना शेरभर तूर आणून दिली आणि म्हणाला, "मारा बाप्पा खूप, पन शयना करा." शयना म्हणजे शहाणा. मला एकदा सात आठे चोपन्न म्हटल्याबद्दल बोटांच्या पेरांवर लाकडी रूळ बसला. तेव्हापासून आजतागायत छप्पन्न हा आकडा कुठेही दिसला की माझं डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप मिटतं. हसण्यासारखं आहे, पण मी त्यावर हसत नाही.

मग थोरले मास्तर आजारी पडून त्यांच्या लेकाकडे गेले आणि बदलीवर इंगोले गुरुजी आले. मंगरूळपीरकडचे, वय असेल बावीस-तेवीस, डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन केनवडहून चालत आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "छडी कुठे आहे?" किसन्या उठला, कोपऱ्यातली शिमटी आणून त्यांच्यापुढे धरली आणि सवयीने हातही पुढे केला. गुरुजी म्हणाले, "हात कशाला? मोड ही. मधोमध." किसन्याला वाटलं, ही काही नवी शिक्षा असावी. त्याने मोडली. "किती झाले?" दोन. "आता हे दोन मोड." चार. मग आठ. आठवा तुकडा करताना किसन्याच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी त्याआधी त्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. अर्धा, पाव, अदपाव आम्ही त्या दिवशी शिकलो ते असे, आणि शिकून झाल्यावर तुकडे पोरांत वाटून घरी चुलीत घालायला दिले.

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत त्या वखारीत काय काय झालं ते सांगायला बसले तर हे प्रकरण संपायचं नाही. चिंचोक्यांनी बेरजा झाल्या. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या झाल्या, आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती जाते ते मोजलं गेलं. दर सोमवारी एक पोरगं गुरुजी व्हायचं आणि खरे गुरुजी खाली पोरांत बसायचे. सुताराच्या पोराने खाच कशी पाडतात ते शिकवलं. माझी पाळी आली तेव्हा मी कढी-फुणके शिकवले. डाळ किती भिजवायची, मुठीने कशी वळायची, फुणके वाफेवर किती वेळ ठेवायचे. पोरं खदाखदा हसली, पण गुरुजींनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "वाफेवरच का? पाण्यात का नाही?" त्यांचं हे असंच असायचं. 'का' विचारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. गावाला मात्र हे काही पसंत नव्हतं. "मास्तर पोट्ट्याईले शिकवून नाई, खेळवून राह्यला," असं पाटलांच्या ओट्यावर रोज बोललं जाई. चौदावं रत्न दाखवल्याशिवाय विद्या येते, यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं.

आता घराचं सांगते, कारण पुढचं सगळं घरातूनच उठलं. माझे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, वेगळे निघाले होते. घराच्या मधोमध भिंत घातली होती, पण त्या भिंतीत एक भोक ठेवलं होतं ताट जाईल एवढं. मोठी माय तिकडून अंबाडीची भाजी सरकवी, माय इकडून भाकरी देई. मी आणि कमल त्या भोकातून अर्धं अंग घालून गप्पा मारत असू. बायकांनी भिंत मानली नव्हती, पुरुषांनी मानली होती. नाल्याकाठचं शेतही निम्मं-निम्मं झालं होतं आणि मध्ये धुरा होता, म्हणजे दोन शेतांमधली न नांगरलेली गवताची पट्टी. बाबांच्या मनात पहिल्यापासून किंतु होता. थोरला भाऊ दर नांगरटीला धुरा थोडा-थोडा कोरतो, आपल्या अंगावर सरकवतो, असं ते जेवताना म्हणत. माय म्हणे, "जाऊ द्या नं." मग मायच्या पाठीत एक बसे. बाबा वाईट माणूस होते असं लिहायला माझा हात धजत नाही. ते मला खांद्यावर बसवून केनवडच्या बाजारात न्यायचे, शेवेची पुडी घेऊन द्यायचे. पण राग आला की त्यांच्या हातात जे असेल ते समोरच्याच्या अंगावर जायचं, मग तो तांब्या असो की विळा.

सुगी संपली, शेतं मोकळी झाली, तेव्हा गुरुजींनी सांगितलं की आपण आपलं गाव मोजायचं आणि शाळेच्या भुईवर काढायचं. खरंखुरं, मापात. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला बाजारातून आणलेला अंबाडीचा दोर दिला, चाळीस हात लांब, दर दहा हातांवर लाल चिंधी. मला आणि कमलला आमचंच नाल्याकाठचं शेत मिळालं. पहिल्या दिवशी माझ्या बाबांचं मोजलं. नाल्यापासून धुऱ्यापर्यंत बरोबर सहा दोर भरलं. ज्वारीची धसकटं पायांना ओरबाडत होती आणि दोर तळहातांना. नवी कोरी अंबाडी, तिचे तंतू कुसळासारखे टोचायचे. संध्याकाळी दोघींचे हात सोललेले होते. मी म्हटलं, "कमल, दोर भिजत घालू. मऊ होईन." घरी नवा दोर आणला की बाबाही तेच करत. आम्ही तो रात्रभर ढोरांच्या पाण्याच्या डोणीत टाकून ठेवला आणि सकाळी तसाच ओला खांद्यावर टाकून मोठ्या बाबांचं शेत मोजायला गेलो. हाताला अगदी मऊ लागत होता. धुऱ्यापासून पलीकडच्या बाभळीपर्यंत सहा दोर आणि वर बारा हात भरलं.

कमल उड्या मारायला लागली, "आमचं मोठं, आमचं मोठं!" मी रागाने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा बारा हात. मग शाळेत जाऊन गुरुजींना सांगितलं, की दोन्ही वाटे बरोबरीचे आहेत असं घरचे म्हणतात, मग हे जास्त कसं आलं? त्यांनी विचारलं, दोर तोच होता ना? तोच. मोजणाऱ्या त्याच ना? त्याच. "मग जे निघालं ते खरं," ते म्हणाले, "लिही." एरवी ऊठसूट 'का' विचारणाऱ्या माणसाने नेमका तेवढ्या एका वेळी विचारला नाही. मी शिक्षिका म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यामुळे मला ठाऊक आहे की पोरांचं उत्तर आपल्याला हवं तसं सुबक आलं की आपणही घाईच करतो.

नकाशा आठ दिवस चालला. वखारीची भुई शेणाने सारवली, एक दोर म्हणजे एक वीत असं माप धरलं. घरं चुन्याने, रस्ते गेरूने, नाला कपड्याच्या निळीने. आणि शेतं भरली ती त्या त्या शेतात पिकलेल्या दाण्यांनी. ज्याच्या शेतात तूर त्याच्या चौकटीत तूर, ज्याची ज्वारी त्याची ज्वारी, पोरांनी आपापल्या घरून ओंजळ-ओंजळ आणलेली. मी पुढे किती नकाशे पाहिले, पण दाण्यांनी भरलेलं गाव पुन्हा पाहिलं नाही. रविवारी गुरुजींनी सगळ्या गावाला बोलावलं. आणि नवल म्हणजे गाव आलं. बाया पदर सावरत वाकून आपलं घर शोधत होत्या. "अवं, हे माहं आंगन! पाह्य तं, कडुलिंबसुद्धा काढला पोट्ट्याईनं!" पाटलांनी स्वतःच्या वाड्यावर बोट ठेवून तो लहान काढला म्हणून तक्रार केली आणि सगळे हसले. मास्तर खेळवत नाही, काहीतरी करतो आहे, हे त्या दिवशी गावाला पहिल्यांदा पटत होतं. मी गुरुजींकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

बाबा आले ते सरळ नाल्याकडे गेले, खाली बसले आणि वीत टाकायला लागले. आपल्या शेतावर सहा विती. मग धुरा ओलांडून मोठ्या बाबांच्या शेतावर. सहा विती आणि जवळपास चार बोटं. त्यांनी पुन्हा मोजलं. ती चार बोटं तशीच ज्वारीच्या दाण्यांवर ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोनं मोजलं?" मी पुढे झाले. काय अभिमान होता मला! "म्या अन् कमलनं, बाबा. दोन डाव मोजलं." त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. "खरं हाये हे, मास्तर?" आणि गुरुजी, त्या दिवशीच्या आनंदात, म्हणाले, "नकाशा खोटं बोलत नाही, शामराव." बाबा उठले, हाताला चिकटलेले दाणे झटकले आणि निघून गेले. बाबा ओरडले असते तर मी घाबरले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती लाकूड लाकडातून उपसल्याच्या आवाजाने. बाबा अंगणातल्या बंडीची उभारी काढत होते. उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला उभा खोचलेला, मनगटाएवढा दांडका. एका हातात ती, दुसऱ्या हातात कुदळ. माय मागे धावली, मायच्या मागे मी. आम्ही शेतात पोचलो तोवर बाबांनी दहा-बारा पावलं धुरा खणून काढला होता, हद्दीचे दगड उपटून बाजूला फेकले होते. मोठे बाबा पलीकडून पळत येत होते, हातात तुतारी, बैल हाकायची, टोकाला खिळा असलेली. "शाम्या! काहून धुरा फोडून राह्यला बे?" बाबा म्हणाले, "बारा हात खाल्ले तुनं. अर्धे मले दे." "कोनं सांगतलं?" "तुह्याच पोरीनं मोजलं!"

तुतारीचा खिळा बाबांच्या खांद्यात घुसला. तो त्यांनी स्वतःच उपसला आणि उभारी फिरवली. पहिला घाव मोठ्या बाबांच्या बरगडीवर बसला, ते वाकले. दुसरा चुकवायला त्यांनी उजवा हात वर केला आणि तो कोपरावर बसला. हाडाचा आवाज मी तेव्हा ऐकला. तो मी इथे लिहिणार नाही, प्रयत्न करून पाहिला, जमत नाही. हात कोपराखाली भलत्याच बाजूला लोंबायला लागला आणि तरी बाबा थांबले नाहीत. माय मध्ये पडली तर तिला लाथ बसली, ती धसकटांवर तोंडावर पडली, तिचा ओठ फाटला. मोठी माय कुठून आली कळलं नाही. तिने बाबांच्या मनगटाचा असा चावा घेतला की उभारी सुटली. तिच्या दातांवर बाबांचं रक्त होतं. कमल धुऱ्यावर उभी होती. मी तिच्याकडे गेले तर तिने मला खाली पाडलं आणि माझ्या छातीवर बसून दोन्ही मुठींनी तोंडावर मारलं. मी मारू दिलं. शेजारच्या शेतातल्या गड्यांनी येऊन सगळ्यांना वेगळं केलं तेव्हा भावांच्या रक्ताने धुऱ्यावरचं गवत चिकट झालं होतं.

मोठ्या बाबांना त्याच बंडीत घालून घरी आणलं, जिची उभारी त्यांच्या अंगावर पडली होती. हाड बसवणारा म्हातारा आला, त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, हात राहील पण वाकणार नाही. संध्याकाळी भिंतीच्या भोकातून मी पाहत होते. मोठी माय बाजेवर पाणी शिंपडत होती. बाज ढिली झाली होती, झोळीसारखी खाली गेली होती, तशा बाजेवर मोडलेला हात टेकवता येईना. मी तिला तसं करताना आधीही कैकदा पाहिलं होतं, मायही करायची. सकाळी पुन्हा डोकावले. बाजेची दोरी आवळून ताठ झाली होती, मोठे बाबा सपाट पडले होते. त्या बाजेची दोरी अंबाडीचीच होती. मी तिथेच भोकाशी बसून राहिले. डोणीत रात्रभर भिजलेला दोर, हाताला मऊ लागणारा. तोही असाच आवळला होता. चाळीस हातांचा अडतीस झाला होता, आणि आम्ही त्याला चाळीस समजून मोजत गेलो होतो. बारा हात कोणी खाल्ले नव्हते. ते त्या डोणीत गेले होते.

बाबा गोठ्यात बसले होते, खांद्याला हळद बांधून. मी सांगितलं. त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं. शेतकऱ्याला दोराचं काय शिकवायचं? मला वाटलं, आता मला मारतील. मी तयार होते, खरं तर मला मार हवाच होता. ते म्हणाले, "कोनाले सांगतलं हे?"

"कोनालेच नाई."

"कमलले?"

"नाई, बाबा."

"मंग सांगू नको. तुह्या मोठ्या मायचे तिघं भाऊ धनजहून निंगाले. पाटलाच्या गड्यानं सांगतलं. पोरीच्या खेळापाई भावाचा हात तोडला असं त्याईले समजलं, तं मले जित्ता सोडनार नाईत ते. समजलं का, इंदे?"

मला समजलं. मी दहा-अकरा वर्षांची होते, पण आमच्याकडे एवढं समजायला तेवढं वय पुरे होतं.

कमलचे तिघे मामा दुपारी आले, तिघांच्या हातांत कुऱ्हाडी. पाटलांनी त्यांना आपल्या ओट्यावर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की आधी शेत मोजू, मग जे करायचं ते करा. धुऱ्याचा जो भाग शाबूत होता तिथून दहा हातांची बांबूची काठी टाकत गेले. इकडे चोवीस काठ्या, तिकडे चोवीस काठ्या. सगळं गाव बघत होतं. मामांनी कुऱ्हाडी पुन्हा खांद्यावर घेतल्या आणि ते बाबांकडे वळले. पाटील हुशार होते. गावात मुडदा पडला तर पोलीस येतील, पंचनामा होईल, साक्षी होतील, हे त्यांना नको होतं. ते मोठ्याने म्हणाले, "दोघं भाऊ बराबर हायेत. मंग त्याईच्यात आग लावली कोनं? चला शाळेत."

शाळा चालूच होती. गुरुजी पोरांना दारातल्या उभ्या काठीच्या सावलीवरून वेळ सांगायला शिकवत होते. माणसं आत घुसली, पोरं भिंतीला चिकटली. पाटील म्हणाले, "मास्तर, काठीनं बराबर भरलं. तुमच्या नकाशात चार बोटं आली कुठून?" गुरुजी गोंधळले. गुडघ्यावर बसून त्यांनी नकाशावर वीत टाकली, वही काढून आकडे पाहिले, कोपऱ्यातला आमच्या जोडीचा दोर आणून हाताने मोजला. चाळीस हात. बरोबर चाळीस. दोर आता वाळला होता. ते दोर हातात धरून तसेच बसून राहिले, डोळे मिटून, जसे आम्हाला अवघड गणित घातल्यावर आम्ही सोडवेपर्यंत बसत तसे. मग डोळे उघडून त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"इंदू," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी दोर भिजला होता का?"

माझ्या उजव्या बाजूला बाबा उभे होते. त्यांच्या मागे तिघे मामा. कमल तिथे नव्हती, ती बापाजवळ होती. गुरुजींच्या आवाजात राग नव्हता, धाक नव्हता, आनंद होता थोडा. त्यांना उत्तर सापडलं होतं. फक्त मी हो म्हणायचं बाकी होतं आणि ते सगळ्यांना समजावून सांगणार होते, पाणी, तंतू, पीळ. एका शब्दात ते वाचत होते. त्याच शब्दात बाबा मरत होते.

मी म्हटलं, "नाही, गुरुजी. कोरडा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले हे त्यांना कळलं, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. बाबांच्या खांद्याची हळद, मामांच्या कुऱ्हाडी, हे सगळंही त्यांनी पाहिलं असावं. ते म्हणाले, "बरं."

पहिला हात माझ्या बाबांचा. उघड्या पंज्याची कानशिलात, अशी की गुरुजी दाण्यांच्या शेतांवर आडवे पडले. मग मामा, कुऱ्हाडीच्या दांड्यांनी. मग ज्यांच्या पोरांना ते शिकवत होते ते बाप. दोन भावांची डोकी फुटायची राहिली ती सगळी कसर एका माणसावर निघाली आणि निघताना सगळ्यांची तोंडं मोकळी झाली, हे मी पाहिलं. एक जण ओरडला, "मापाचा लय नाद हाये नं तुले? घे मोजून!" किसन्या, फाटक्या कानाचा किसन्या, मध्ये घुसून गुरुजींच्या अंगावर पालथा पडला, त्याला त्याच्याच बापाने केसांना धरून ओढून काढलं. गुरुजींनी डोक्यावर दोन्ही हात घेतले होते आणि ते ओरडत नव्हते, फक्त प्रत्येक घावाला हुंकार येत होता. नकाशावर माणसं नाचत होती. तूर, ज्वारी, मूग, सगळं एकमेकांत गेलं, नाल्याची निळी रेघ पायांनी घराघरांतून ओढली गेली. पाटलांनी "बस" म्हटल्यावर ते थांबले. गुरुजींचे दोन दात पडले होते आणि एक डोळा पार बंद झाला होता. ते भिंतीला धरून उठले, ट्रंक घेतली, डोक्यावर ठेवता येईना म्हणून ओढत नेली. केनवडच्या वाटेवर ती घासल्याची रेघ दोन-तीन दिवस दिसत होती. बायका विहिरीवर जाताना ती ओलांडून जात.

मामा चहा पिऊन धनजला परत गेले. पंधरा दिवसांनी थोरले मास्तर आले, पुरते बरे नव्हते, तरी गावाने आणवलेच. त्यांनी पहिल्याच दिवशी आठ पोरांना नाल्यावर शिमट्या आणायला पाठवलं. मोठ्या बाबांचा हात वाकला नाही. ते डाव्या हाताने जेवायला शिकले. भिंतीतलं भोक मोठ्या मायने चिखलाने लिंपून टाकलं. कमल लग्न होऊन जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही आणि लग्नानंतर बोलली ती फक्त लेकराबाळांबद्दल.

पुढे मी मास्तरीण झाले. माझ्या वर्गात चिंचोके होते, धांड्याच्या गाड्या होत्या, सोमवारी पोरं गुरुजी व्हायची. एकदा मोठा कार्यक्रम करून माझ्या कल्पनांचं कौतुक झालं, शाल मिळाली. एका तरुण शिक्षिकेने माईक पुढे करून विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "सुचत गेलं." म्हणजे त्या माणसाला मी दोनदा मारलं. पहिल्या वेळी निदान माझ्या मागे कुऱ्हाडी होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून माणूस स्वतःला माफ करतो. मीही बरीच वर्षं तसं केलं. पण गुरुजी माझे कोण होते मग? ते मंगरूळपीरला परत गेले की आणखी कुठे, त्यांनी पुन्हा शिकवलं की नाही, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. बसने दीड-दोन तासांचा रस्ता होता.

आणि एक राहिलं. ते टाळून हे प्रकरण संपवायचा माझा विचार होता, पण मग एवढं लिहिलं कशाला? त्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. माय सुजल्या ओठाने चुलीपाशी कण्या शिजवत होती, ती वळून पाहीना. आमच्या घरी दूध बाबांसाठी असे, पोरींना कधी नसे. बाबांनी आपला पेला उचलला, त्यात गुळाचा खडा टाकला, बोटाने ढवळला आणि माझ्या हातात दिला. गुरुजींना मारताना त्या बोटाचं साल निघालं होतं. "पे," ते म्हणाले, "शयनी पोरगी हाये माही." साऱ्या गावात त्या दोन दिवसांत ज्याला-त्याला मार बसला होता. माझ्या डोक्यावरून मात्र त्यांनी हात फिरवला. मी ते दूध सगळं प्यायले, आणि ते गोड लागलं.